रव्याचा डबा आणि कॉलेजचा फॉर्म

पत्राचा सारांश: पत्रलेखिका ४३ वर्षांच्या, मूळच्या पश्चिम महाराष्ट्रातल्या. तिकडे त्या माध्यमिक शाळेत शिकवत होत्या. आता कॅनडात ओंटारिओ प्रांतात पर्मनंट रेसिडेंट आहेत आणि एका डे-केअरमध्ये मदतनीस म्हणून काम करतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घरी चोरी झाली. आईच्या पाटल्या आणि स्वतःची बोरमाळ त्यांनी रव्याच्या डब्यात, तळाशी ठेवली होती. चोराने बाकी घर फारसं उचकटलं नाही. घरी आल्या तेव्हा डबा पालथा पडलेला, फरशीभर रवा आणि त्यात बुटाचे ठसे. पुढे १७ वर्षांचा एक मुलगा पकडला गेला, दागिने मात्र मिळाले नाहीत. नंतर एका संस्थेतून फोन आला: तुमची तयारी असेल तर त्या मुलाशी समोरासमोर भेट घडवता येईल. त्यांनी नाही म्हणून सांगितलं. कोर्टात काय झालं ते त्यांना फोनवर दोन मिनिटांत कळवण्यात आलं.

आता जवळच्या कम्युनिटी कॉलेजात त्यांना रिस्टोरेटिव्ह जस्टिसचा, म्हणजे गुन्हा करणारा आणि ज्याचं नुकसान झालं तो यांना मध्यस्थामार्फत बोलतं करून झालेलं नुकसान भरून काढण्याच्या पद्धतीचा, संध्याकाळचा अभ्यासक्रम दिसला. फॉर्म अर्धा भरून ठेवलाय. यजमान म्हणतात, "ज्याने आपलं घर फोडलं त्याला माफ कसं करायचं हे शिकायला फीसुद्धा आपणच भरायची?" नणंद म्हणते, या वयात पोराटोरांत बसून कोणती नोकरी लागणार आहे? गावाकडचा भाऊ म्हणतो, हे तर आपल्याकडचं तंटामुक्तीच, त्यात शिकायचं काय! त्यांचा प्रश्न असा: भेटीला नाही म्हटलं ते चुकलं का? आणि आता हे शिकायला जाणं म्हणजे घरच्यांच्या विरोधात जाणं आहे, की निव्वळ वेळ आणि पैसा घालवणं?

ताई,

तुमच्या एवढ्या लांब पत्रात कॉलेजबद्दल जेमतेम पाच-सहा ओळी आहेत. बाकीचं पत्र त्या डब्याबद्दल आहे. "त्याला कसं कळलं?" हे तुम्ही वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा विचारलंय. हळदीकुंकवाला आलेल्या कुणी पाहिलं असेल का, मुलाच्या मित्राला माहीत होतं का, स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलेल्या प्लंबरने बघितलं का. त्या वर्षीपासून गणपतीत आरतीला कुणाला बोलावलं नाही हेही तुम्ही जाता जाता लिहिलंय. माझ्या मते पाटल्यांच्या खालोखाल मोठं नुकसान तेच आहे आणि ते पोलिसांच्या कुठल्याच कागदावर आलेलं नाही.

म्हणून आधी एक गोष्ट वेगळी करू. तुमच्यापुढे दोन कामं आहेत. एक, जे घडलं त्याचं काय करायचं. दुसरं, काय शिकायचं. ही दोन्ही एका फॉर्मात उरकता येतील असं तुम्हाला वाटतंय. तशी ती उरकत नाहीत. पण त्यांचा एकमेकांशी संबंध आहे, त्यामुळे तुम्हाला या विषयाचं कुतूहल वाटणं मला अजिबात विचित्र वाटत नाही.

आता यजमानांचा मुद्दा. माफीचा. त्यांचा समज चुकीचा असला तरी तो फार जणांचा असतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमच्याच प्रांतात, किचनरजवळच्या एल्मिरा गावात, मे १९७४ मधल्या एका रात्री दोन तरुणांनी दारूच्या नशेत २२ ठिकाणी नासधूस केली. गाड्यांचे टायर फाडले, खिडक्या फोडल्या. दोघांनी गुन्हा कबूल केला. प्रोबेशन अधिकाऱ्याने न्यायाधीशांना जरा धिटाईनेच सुचवलं की, या दोघांना त्या लोकांच्या दारात नेऊन उभं करावं. न्यायाधीश आधी राजी नव्हते, मग त्यांनी तसा आदेश दिला. दोघं एकेका घराची घंटी वाजवत गेले, आम्हीच ते केलं म्हणून सांगितलं, विम्यातून न भरलेलं नुकसान किती ते विचारलं आणि काही महिन्यांनी पैसे घेऊन पुन्हा त्याच दारांत गेले. कुणी समजुतीने घेतलं, कुणी चांगलंच फैलावर घेतलं. आज जगभर ज्याला रिस्टोरेटिव्ह जस्टिस म्हणतात त्याची आधुनिक सुरुवात बहुतेक जण या प्रकरणापासून मोजतात. यात कुणाला माफ करायला सांगितलं गेलं का? नाही. गुन्हा झाकून टाकला गेला का? उलट तुरुंगाच्या भिंतीआड जे टळलं असतं तेच त्यांच्या वाट्याला आलं, ज्याचं नुकसान केलं त्याच्या डोळ्याला डोळा भिडवणं.

या प्रकरणाचा पुढचा भाग मला जास्त आवडतो, आणि तुमच्या नणंदेसाठी तो मुद्दाम सांगते. त्या दोघांपैकी एकाचं नाव रस केली (Russ Kelly). त्यांनी स्वतःची हकीकत स्वतःच जाहीरपणे लिहिली आहे म्हणून नाव घेते. जवळजवळ तीस वर्षांनी, वयाची चाळिशी उलटल्यावर, ते किचनरच्या कॉनेस्टोगा कॉलेजात कायदा आणि सुरक्षा या विषयाचा अभ्यासक्रम शिकायला बसले. एक दिवस वर्गात बाहेरून आलेल्या वक्त्याने रिस्टोरेटिव्ह जस्टिसबद्दल बोलताना एल्मिराची गोष्ट सांगितली आणि केलींच्या लक्षात आलं, हे तर माझ्याबद्दल चाललंय! आपल्या त्या रात्रीची पुढे जगभर चर्चा झाली, याचा त्यांना तोवर पत्ताच नव्हता. नंतर ते याच कामात स्वयंसेवक झाले. हे सगळं घडलं एका कम्युनिटी कॉलेजच्या वर्गात. "पोराटोरांत बसून" काय होतं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी सुचत नाही.

आपल्या लोकांच्या मनात या कॉलेजांबद्दल एक अढी असते. युनिव्हर्सिटी म्हणजे खरं शिक्षण आणि कॉलेज म्हणजे ज्यांना तिथे जमलं नाही त्यांची सोय. ओंटारिओत ही कॉलेजं १९६५ च्या कायद्याने उभी केली ती कामधंदा करणाऱ्यांना कामाचं शिक्षण मिळावं म्हणूनच. संध्याकाळच्या वर्गाला तुमच्या शेजारी एखादी नर्स, तुरुंगात काम केलेला माणूस, शाळेतली मदतनीस, क्वचित स्वतः शिक्षा भोगून आलेलाही कुणी असू शकतो. या विषयासाठी असा वर्ग विद्वानांनी भरलेल्या वर्गापेक्षा बरा. मध्यस्थाचं काम पुस्तक वाचून येत नाही. समोरचा माणूस बोलत असताना मध्ये न पडता गप्प कसं बसायचं, हे वर्गात एकमेकांवर सराव करूनच येतं. शाळेत शिकवलेल्या माणसाला ते सगळ्यांत जड जातं, हे मी माझ्या शिक्षक मैत्रिणींवरून खात्रीने सांगते.

तुमच्या भावाचा मुद्दा मात्र मी सहज सोडणार नाही. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आर. आर. पाटील गृहमंत्री असताना, १५ ऑगस्ट २००७ पासून सुरू झाली. गावातले तंटे गावातच सामोपचाराने मिटावेत आणि तंटामुक्त होणाऱ्या गावाला बक्षीस मिळावं अशी ती योजना. हेतू चांगला होता आणि बांधावरून वर्षानुवर्षं कोर्टात खेटे घालणाऱ्या कितीतरी घरांना तिचा उपयोगही झाला. पण आपण गावातले. "मिटवून टाका" हे कुणाला सांगितलं जातं ते आपल्याला माहीत असतं. ज्याचं गावात वजन कमी त्याला. सुनेला, शेतमजुराला, आंतरजातीय लग्न केलेल्या पोरीच्या बापाला. जातपंचायतींच्या "न्याया"मुळे महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला, तो काही उगाच नाही.

भाऊ म्हणतो तसं साम्य आहेच. माणसं एकत्र, गोल करून बसतात, बोलतात, काही ठरतं. फरक कुठे आहे ते बघायला शिकणं हाच निम्मा अभ्यासक्रम. ज्याने केलं त्याने आधी जबाबदारी कबूल केलेली असते, "मी केलंच नाही" म्हणणाऱ्याला या बैठकीत आणत नाहीत. ज्याचं नुकसान झालं त्याच्यावर येण्याची सक्ती नसते आणि तो मधूनच उठून जाऊ शकतो. भेटीआधी मध्यस्थ दोघांना वेगवेगळं भेटून तयारी करून घेतो. कितीतरी वेळा सगळं काम या तयारीतच होतं, प्रत्यक्ष भेट होतही नाही. आणि "मिटलं" हा आकडा कुणाला बक्षीस मिळवून देत नाही. निदान देऊ नये. कॅनडातही हे सगळीकडे नेटकं चालतं असं नाही. संस्थांना अनुदान लागतं, अनुदानाला आकडे लागतात. घरातली मारहाण अशा बैठकीत आणावी की नाही यावर तिथेही जोरदार मतभेद आहेत, आणि मला स्वतःला विचाराल तर नवऱ्याची भीती वाटणाऱ्या बाईला "समोरासमोर बसून बोला" म्हणणं मला धोक्याचंच वाटतं. तुमच्या वर्गात बहुतेकांनी दबावाखाली झालेली समेट जवळून पाहिलेली नसेल. तुम्ही पाहिली आहे. हात वर करून तेच विचारा: इथे नाही म्हणणाऱ्याचं काय होतं?

आणि आता तुमचं ते "नाही". ते चुकलं का म्हणता. नाही चुकलं. नाही म्हणता येत नसेल तर त्या विचारण्याला काही अर्थच नाही. फोन आला तेव्हा तुम्हाला रात्री झोप लागत नव्हती, दाराशी खुट्ट वाजलं तरी तुम्ही उठून बसत होतात. अशा वेळी त्या मुलासमोर बसण्याची तयारी नसणं हे शहाणपणाचंच होतं. तुम्ही नाही म्हणालात म्हणून त्या मुलाची सुधारण्याची संधी गेली, असं एक वाक्य तुमच्या पत्रात आहे. ते खोडून टाका. त्याला सुधारण्याची जबाबदारी त्याची, त्याच्या घरची, सरकारची. तुमची नव्हे.

इथे एक गोष्ट सांगणं गरजेचं आहे, कारण या विषयाची भक्ती करणारेही पुष्कळ भेटतात. लॉरेन्स शर्मन आणि हेदर स्ट्रँग या अभ्यासकांनी २००७ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या अशा प्रयोगांचा मोठा आढावा घेतला. त्यात दिसलं की, भेट झालेल्या पीडितांचा धसका आणि सूडाची भावना कमी होते. पण गुन्हा करणाऱ्याने पुन्हा तसं न करण्याच्या बाबतीत परिणाम जास्त दिसला तो हिंसक गुन्ह्यांत, चोरीमारीत तितका नाही. म्हणजे आपल्याला वाटतं त्याच्या जरा उलटंच. तेव्हा घरफोडीच्या प्रकरणात "मुलगा नक्की सुधारेल" असं छातीठोक सांगणाऱ्यापासून चार हात लांब राहा. भेटायचं ठरवलंत तर ते तुमच्या प्रश्नासाठी ठरवा.

कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर कोर्टाकडे नव्हतंच. कोर्टाचा प्रश्न होता, कोणता कायदा मोडला, कोणी, आणि शिक्षा काय. डब्याचं गुपित त्यात कुठेच बसत नाही. नॉर्वेचे गुन्हेशास्त्रज्ञ निल्स क्रिस्ती यांनी १९७७ मध्येच म्हटलं होतं की, माणसांचा आपसातला तंटा सरकार आणि वकील त्यांच्या हातातून काढून घेतात आणि ज्याचं नुकसान झालं तो बाहेर उभा राहतो. तुम्हाला आलेला दोन मिनिटांचा फोन म्हणजे नेमकं तेच. रिस्टोरेटिव्ह जस्टिस वेगळ्या ठिकाणाहून सुरू होतं: कोण दुखावलं, त्यांना काय हवंय, आणि ते देणं कुणाचं लागतं. तुम्हाला हवंय ते उत्तर. ते त्या मुलाकडेच आहे. कदाचित ते अगदी साधं असेल, आपल्या घरांत सोनं स्वयंपाकघरात ठेवतात हे चोरांना ठाऊक असतं एवढंच. पण ते ऐकेपर्यंत तुमच्या मनातल्या यादीतल्या दहा जणांवर आळ राहणार.

तर हे पहिलं काम करायचं असेल तर कॉलेजची गरज नाही. कॅनडात २०१५ पासून पीडितांच्या हक्कांचा कायदा आहे. त्यानुसार रिस्टोरेटिव्ह जस्टिसच्या कार्यक्रमांची माहिती मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. त्या वेळी ज्या संस्थेतून फोन आला होता तिला किंवा पोलिसांच्या पीडित साहाय्य कक्षाला फोन करून विचारा, आता काही होऊ शकतं का. मुलगा आता अठरा ओलांडून गेला असेल, त्याची शिक्षा संपली असेल, तो तयार नसेल. होईलच असं नाही. भेट नको असेल तर पत्र, किंवा मध्यस्थामार्फत फक्त एक प्रश्न, असंही करता येतं. आणि पुन्हा नाही म्हणावंसं वाटलं तर पुन्हा नाही म्हणा.

दुसरं काम, शिक्षण. माझा कौल असा की जा, पण सध्या एकाच विषयापुरतं नाव घाला, अख्ख्या सर्टिफिकेटची फी आत्ताच भरू नका. आणि नाव घालण्याआधी शिकवणाऱ्यांना ईमेल करून सरळ सांगा की आपल्या घरी चोरी झालेली आहे. पीडितांच्या अनुभवावरचा तास कधी आहे, त्या दिवशी बाहेर जाऊन बसलं तर चालेल का, हे विचारा. चांगला शिक्षक असेल तर तो उलट तुमचे आभार मानेल. वर्गात स्वतःची गोष्ट सांगायचीच असं बंधन कुणी घालत असेल तर तो वर्ग तुमच्यासाठी नाही. सांगितलीत तर त्या मुलाचं नाव, गल्ली, शाळा काहीही तोंडून जाऊ देऊ नका. तिथल्या अल्पवयीनांच्या फौजदारी कायद्यात, जो २००३ पासून लागू आहे आणि १२ ते १७ वयाच्या मुलांना लागतो, त्यांची ओळख जाहीर करायला मनाई आहे. आणि ज्या आठवड्यात झोप पुन्हा उडेल त्या आठवड्यात समुपदेशकाकडे जा. वर्ग म्हणजे उपचार नव्हे, शिकवणाऱ्यांनाही ते ओझं पेलत नाही.

नणंदबाईंचा नोकरीचा प्रश्न रास्त आहे, तो उडवून लावू नका. नुसत्या रिस्टोरेटिव्ह जस्टिसच्या सर्टिफिकेटवर पगारी नोकरी मिळणं कठीण. ते आधीच्या एखाद्या पात्रतेवर चढवायचं असतं. तुमच्यापुढे माझ्या मते दोन वाटा आहेत. तुम्ही डे-केअरमध्ये आहातच, तर अर्ली चाइल्डहूड एज्युकेशनची नोंदणीकृत पात्रता मिळवा. मुलांच्या भांडणात "सॉरी म्हण" एवढ्यावर न थांबणारी शिक्षिका प्रत्येक ठिकाणी हवी असते. किंवा सोशल सर्व्हिस वर्करचा दोन वर्षांचा डिप्लोमा. ओंटारिओत त्याची व्यावसायिक नोंदणी होते आणि अशा संस्थांच्या जाहिरातींत तो बरेचदा मागितलेला असतो. गावाकडच्या अध्यापनाचं मूल्यांकन करून घेतलं नसेल तर तेही करून घ्या. बी.एड. झालंय आणि प्रमाणपत्रं बॅगेत पडून आहेत, अशा कितीजणी तिकडे आहेत! दरम्यान अशा एखाद्या संस्थेत स्वयंसेवक म्हणून अर्ज टाका. पोलिसांकडून व्हल्नरेबल सेक्टर चेक (लहान मुलं, वृद्ध अशांसोबत काम करणाऱ्यांची पोलीस पडताळणी) करून आणावा लागेल, त्याला काही आठवडे लागू शकतात, म्हणून तो आधी. प्रत्यक्ष काम पाहिल्यावर कळेल की हे आपल्याला वर्षभर झेपणार आहे की नाही. दर आठवड्याला कुणाचं तरी फुटलेलं घर ऐकायचं असतं यात.

राहिले यजमान. ते फीबद्दल बोलतायत, पण तुमच्याच पत्रात आहे की त्यांनी घराला चार कॅमेरे लावले आणि अजून रोज रात्री मोबाइलवर ते बघत बसतात. घर त्यांचंही फुटलंय, ताई. फोन आला तो तुम्हाला, कारण तक्रारीवर नाव तुमचं. त्यांना कुणी काही विचारलंच नाही, तुम्हीही नाही. एखाद्या रविवारी चहा घेताना एवढंच विचारा की, तो मुलगा समोर आला तर तुम्ही त्याला काय विचाराल? उत्तर शिवीगाळीने सुरू झालं तरी ऐकून घ्या. मात्र वर्गात शिकलेलं तंत्र लगेच घरी नवऱ्यावर वापरू नका. दुसऱ्या वाक्याला त्याला वास येतो आणि मग पुढचे सहा महिने प्रत्येक भांडणात "हो, आता गोल करून बसूया का?" ऐकावं लागतं.

हेच शिकायचं मनात असलेल्या, पण महाराष्ट्रात राहणाऱ्या वाचकांचीही पत्रं येतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. आपल्याकडे या नावाचे अभ्यासक्रम शोधत बसण्यापेक्षा काम कुठे आहे ते बघा. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा "प्रयास" हा प्रकल्प १९९० पासून तुरुंगातल्या आणि सुटून आलेल्या लोकांसोबत काम करतोय, समाजकार्याच्या विद्यार्थ्यांनी तो पाहायलाच हवा. आणि २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार प्रत्येक बालन्याय मंडळात मॅजिस्ट्रेटसोबत दोन समाजसेवक सदस्य असतात, त्यांतली निदान एक स्त्री असावी लागते. मुलांचं आरोग्य, शिक्षण किंवा कल्याण या क्षेत्रातला सात वर्षांचा अनुभव त्यासाठी चालतो. निवृत्तीला आलेल्या कितीतरी शिक्षिका या अटीत बसतात आणि त्यांना याची कल्पनाच नसते. आपल्या जिल्ह्याच्या महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात पुढची जाहिरात कधी निघतेय याची चौकशी करून ठेवा.